वरच्या अंगाला

गंजगोलाईच्या मागं, बारदान्याच्या दुकानावर आमचं ऑफिस.
ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक इन्व्हर्टर
आणि खिडकीतून येणारा तुरीच्या भुशाचा वास.

काम एवढंच:
आडतीतल्या ओलावा मापायच्या यंत्राला मराठी आकडे शिकवायचे.
मूळ प्रकल्प कुण्या परक्या माणसाचा,
नाव वाचता येत नाही, फोटोच्या जागी घुबड.
मी त्याचा फोर्क केला,
मग क्लोन करून लॅपटॉपवर उतरवून घेतला.
आमच्यात वाटणी म्हटलं की मोजणीवाला येतो,
दोघं भाऊ बोलायचे थांबतात.
इथे सगळंच्या सगळं माझ्या नावावर आलं
आणि घुबडाचं काहीच कमी झालं नाही.

त्याच्याकडे एक फांदी होती: देवनागरी-अंक.
त्याच्या पानावर मी डोळ्यांनी बघितलेली.
लिहिलं, स्विच देवनागरी-अंक.
उत्तर आलं, या नावाचं इथे काही नाही.

पुन्हा लिहिलं. जोडरेघ तपासली.
गजभारे बाई वाचून घ्यायच्या तसं
अक्षरा-अक्षरावर बोट ठेवलं.
नाही म्हणजे नाही.
सगळ्या फांद्या दाखव म्हटलं, तर एकच, मेन.
रस्ता रुंद करताना छाटलेल्या लिंबासारखी.

मग सगळे करतात ते केलं,
दुसऱ्या फोल्डरात नव्यानं क्लोन घेतला.
तीच नक्कल, तेच उत्तर.

दुपारी तहसीन आली.
डबा उघडता उघडता म्हणाली, "ओरिजिन कुठंय तुझं?"
घुबडाकडे, मी म्हटलं.
"बघ तरी."
बघितलं.
ओरिजिनपुढं माझंच नाव होतं.

फोर्क करताना एक चौकोन असतो:
फक्त मुख्य फांदी घ्या.
त्यात बरोबरची खूण आधीच मारलेली असते.
मी ती काढली नव्हती.
खरं सांगायचं तर मी ती बघितलीच नव्हती.

तहसीननं खरकट्या बोटानं छत दाखवलं.
"बेसिनला पाणी कुठून येतं?"
टाकीतून.
"अन् टाकीत?"
नवव्या दिवशी, महापालिकेचं.
"त्याच्या वरच्या अंगाला?"
धनेगाव. मांजरा.
"मग टाकीत वाकून धरण धुंडाळतोस कामून?"

रिमोट जोडला. नाव दिलं अपस्ट्रीम. फेच म्हटलं.
पाणी यायच्या आधी तोटी हवा सोडते,
तसा लॅपटॉपचा पंखा घरघरला
आणि ओळी उतरू लागल्या.
नऊ फांद्या.
देवनागरी-अंक सातवी.

स्विच म्हटलं, तर आता दुसरंच भांडण:
तुझे न नोंदवलेले बदल पुसले जातील,
आधी त्यांचं काय ते बघ.
दोन रात्री जागून लिहिलेल्या चाळीस ओळी होत्या,
पाचाचा आकडा लांबून चार वाटू नये म्हणून.
"फेकायच्या नाहीत, मिरवायच्याबी नाहीत,"
तहसीन हात धुवत म्हणाली, "स्टॅश कर."

केलं.
फांदी बदलली.
माझ्या ओळी गेल्या, घुबडाच्या आल्या.
त्याचा पाच माझ्या पाचापेक्षा चांगला होता.
हे मी तहसीनला सांगितलं नाही,
ती बघतच होती.

गुरुवारी यंत्र आडतीत लावलं.
मसाजी मापाड्यानं ओंजळभर तूर ओतली.
काचेत उमटलं ११.५.
तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"आता मुनिमाला विचारायचं काम नाही."
आणि पुढच्या पोत्याला हात घातला.

चाळीस ओळी अजून स्टॅशमध्येच आहेत.
यादी मागितली की यंत्र सांगतं:
क्रमांक शून्य, मेनवर, काम चालू असताना.

मी त्या बाहेर काढत नाही.
पुसतही नाही.
कधीमधी, इन्व्हर्टर टिकटिकत असताना,
नुसती यादी मागतो.